आज्ञा आणि सदसद्विवेकबुद्धी



वरिष्ठांची आज्ञा पाळणे हे सैनिकाचे कर्तव्य. मग वरिष्ठांना विरोध करणे पाप आहे काय?

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ तळावरील खलाशांनी जेवण नाकारले. निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्याच्या शिव्या यांविषयी त्यांनी आधी तक्रार केली होती. दाद मिळाली नाही. संप इतर जहाजांवर पसरला. शहरात गोळीबार होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ फेब्रुवारीला सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून खलाशांनी शरणागती पत्करली. अनेकांची नोकरी गेली.

ख्रिस्तसभा दोन गोष्टी वेगळ्या करते. हुकूम पापाचा असेल, उदाहरणार्थ निरपराधांना मारण्याचा, तर तो पाळूच नये. ‘मला वरून हुकूम होता’ ही सबब चालत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले आणि असा हुकूम उघड नाकारणाऱ्यांचे धैर्य गौरवले. आपल्या १९५० च्या सेना कायद्यातही शिक्षा आहे ती कायदेशीर हुकूम मोडल्याबद्दल.

हुकूम पापाचा नसून वागणूक अन्यायाची असेल, तर गप्प बसू नये. पण आधी रीतसर दाद मागावी. आणि ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने ती वेळीच ऐकावी. ‘तलवार’वर हेच घडले नाही.

आपल्यापैकी कोणी कारखान्यात सुपरवायझर आहे, कोणी घरात कर्ता आहे. या आठवड्यात स्वतःला विचारू या : माझ्यापुढे कोणाची तक्रार न ऐकलेली पडून आहे?