वर्गातील बेशिस्त : काही कारणे, काही उपाय

आठवी-नववीच्या वर्गावर मधल्या सुट्टीनंतरचा तास घेणे म्हणजे काय असते, हे ज्याने तो घेतला आहे त्यालाच ठाऊक. निम्मी मुले अजून धापा टाकीत असतात. कुठे डब्यावरून भांडण चाललेले असते, शेवटच्या बाकावर कुणी ठेका धरलेला असतो, आणि सर फळ्याकडे वळले की खडूचा तुकडा हवेतून जातो. चाळीस मिनिटांच्या तासातील दहा मिनिटे 'शांत बसा, शांत बसा' म्हणण्यातच निघून जातात.

या दहा मिनिटांचा हिशेब मांडून पाहू. एका विषयाचा रोज एक तास आणि वर्षात शाळेचे २०० दिवस धरले, तर २,००० मिनिटे वाया गेली. म्हणजे त्या विषयाचे पुरते ५० तास बुडाले. ज्याच्या घरी शिकवणी लावण्याची ऐपत आहे, तो ही तूट बाहेर भरून काढतो. ज्याची ऐपत नाही, त्याची तूट पुढच्या वर्षाच्या खात्यावर तशीच ओढली जाते. म्हणून वर्गातील बेशिस्त हा केवळ शिक्षकांच्या डोकेदुखीचा विषय नसून गरिबाच्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, असे म्हणावे लागेल.

मी व्यवसायाने शिक्षक नाही. बँकेत कारकून आहे. परंतु काही वर्षांपासून रविवारी अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या मुलांना भाषा व इतिहास शिकवतो. तेथे झालेल्या चुका आणि त्यानंतर केलेले थोडेसे वाचन, एवढ्याच बळावर हा लेख लिहीत आहे.

१) बेशिस्त कशाला म्हणावे?

सगळी बेशिस्त एका तराजूत तोलू नये. तिचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, किरकोळ चुळबुळ : शेजाऱ्याशी बोलणे, चिठ्ठी फिरवणे, बाकाखाली मोबाइल पाहणे. दुसरा, वारंवार अडथळा आणणे : मुद्दाम वेडीवाकडी उत्तरे देणे, आवाज काढणे, सांगितलेले काम उघडपणे नाकारणे. तिसरा, इतरांना इजा पोचवणारे वर्तन : मारामारी, छळ, मुलींची छेडछाड, जातीवरून किंवा व्यंगावरून चिडवणे. बहुतेक वर्गांत रोजचा त्रास असतो तो पहिल्या प्रकाराचा. पहिल्या प्रकाराला तिसऱ्याची शिक्षा दिली, तर वर्ग बिथरतो. तिसऱ्या प्रकाराकडे 'पोरकटपणा' म्हणून कानाडोळा केला, तर दुबळ्या मुलाचा शाळेवरचा विश्वासच उडतो.

२) मुले अशी का वागतात?

ऑस्ट्रियात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी मुलांच्या गैरवर्तनामागे चार हेतू सांगितले आहेत : लक्ष वेधणे, सत्ता गाजवणे, सूड घेणे, आणि 'मला जमतच नाही' हे लपवणे. यांपैकी कोणता हेतू आहे हे कसे ओळखावे? त्यांचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. शिक्षकाने स्वतःच्या मनात डोकावून पाहावे. नुसता वैताग आला असेल, तर मुलाला लक्ष हवे आहे. 'हा मला आव्हान देतो काय?' असा राग आला असेल, तर झगडा सत्तेचा आहे. मन दुखावले असेल, तर मूल कुठल्यातरी जुन्या दुखण्याचा सूड घेत आहे. आणि 'याच्यापुढे हात टेकले' असे वाटले, तर त्या मुलानेही स्वतःपुढे हात टेकलेले असतात.

चौथा हेतू ओळखण्यात माझी चूक झाली. नववीतला एक मुलगा भाषेच्या तासाला बाक वाजवायचा, इतरांना हसवायचा. धड्याचे प्रकटवाचन सुरू झाले की त्याचा ऊत वाढे. ओळीने चार रविवार मी त्याला सर्वांदेखत वर्गाबाहेर काढले. वर्ग शांत झाला आणि मला समाधान वाटले. पाचव्या रविवारी तो आला नाही. पुढे आलाच नाही. काही महिन्यांनी एका टायरच्या दुकानात पंक्चर काढताना दिसला. शाळाही सुटली होती. मी विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "सर, तुमी वाचाया सांगायचात ना. मला जोडाक्षरं येत न्हाईत."

वाचनाची पाळी आपल्यावर येण्याआधी वर्गाबाहेर जाणे, हेच त्याला हवे होते, आणि मी दर रविवारी त्याला ते देत होतो. ज्याला मी शिक्षा समजत होतो, ती त्याच्या दृष्टीने सुटका होती. मूल वारंवार एकाच वेळी, एकाच विषयाला गोंधळ घालत असेल, तर 'या गोंधळामुळे त्याचे काय टळते?' हा प्रश्न प्रथम विचारावा. हे मला फार उशिरा कळले.

३) गोंधळ नेमका कुणाचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असतानाचा प्रसंग आपल्याला परिचित आहे. शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवण्यास बोलावले, तोच वर्गात एकच गलका उडाला. कारण फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले, तेव्हा कुठे भीमराव फळ्याला हात लावू शकले. येथे बेशिस्त कुणाची होती? उदाहरण सोडवण्यास उठलेला विद्यार्थी तर शांतच होता.

आजच्या वर्गातही हे पाहावे लागते. आडनावावरून, रंगावरून, बोलण्याच्या धाटणीवरून एखाद्याला आठवडाभर 'गमतीने' टोचले जाते. सातव्या दिवशी तो हात उगारतो आणि तेवढेच सरांना दिसते. शिक्षा त्यालाच होते. म्हणून मारामारी सोडवल्यावर 'कुणी मारले?' एवढेच विचारून थांबू नये. 'सुरुवात कधीपासून आहे?' हेही विचारावे, आणि तेही दोघांना वेगवेगळे बसवून.

४) शिक्षा पुरी का पडत नाही?

छडीवाचून विद्या नाही, ही समजूत अजून अनेक घरांत आहे. पालकच येऊन सांगतात, "सर, हाडं आमची, मास तुमचं." परंतु बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ नुसार ६ ते १४ वयाच्या बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. १८ वर्षांखालील मुलांना बाल न्याय अधिनियम, २०१५ चे संरक्षण आहे. अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे, 'तुझ्या बापाला जमले नाही, तुला काय जमणार' असे म्हणणे, हे सारे आता केवळ वाईट नसून कायद्याच्या कक्षेत येणारे आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार काय सांगतो? मार काय करू नये हे सांगतो. काय करावे हे शिकवत नाही. शिवाय चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वर्गमित्रांपुढील आपली पत सर्वांत मोलाची वाटते. चारचौघांत अपमान झाला की ती राखण्यासाठी तो उलट बोलणारच. तेथून पुढे सरांना माघार घेता येत नाही आणि मुलालाही.

५) गोंधळ होण्याआधी

जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या तासाला एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याला त्यांनी खडसावले. तेव्हा ज्यांना काहीच बोलले नव्हते, ते विद्यार्थीही अवघडून गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. एकाला बोललेले साऱ्या वर्गाला लागते, या अनुभवातून त्यांनी पुढे अनेक वर्गांच्या चित्रफिती घेऊन अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, गोंधळ झाल्यावर काय करावे यात चांगल्या व सामान्य शिक्षकांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो गोंधळ होऊच नये म्हणून आधी काय केले जाते यात. त्यातून व अनुभवातून पुढील गोष्टी सांगता येतील :

(अ) लक्ष चौफेर असावे. फळ्यावर लिहिताना पूर्ण पाठ न करता तिरके उभे राहावे. वर्गात फिरावे, शेवटचा बाक हाही वर्गच आहे.

(आ) तासाची पहिली दोन मिनिटे रिकामी जाऊ देऊ नयेत. आत येताच फळ्यावर एक छोटे काम लिहावे व मग हजेरी घ्यावी. रिकामा वेळ हे गोंधळाचे माहेरघर होय.

(इ) आधी प्रश्न, मग नाव. नाव आधी घेतले की बाकीचे एकोणसाठ जण सुटीवर जातात. प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावेही. मेरी बड रो या संशोधिकेला असे आढळले की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर अधिक मुले उत्तरे देऊ लागतात व उत्तरेही मोठी येतात.

(ई) नियम चार-पाचच असावेत, मुलांशी बोलून ठरवावेत आणि 'हे करू नका' ऐवजी 'हे करा' अशा भाषेत लिहावेत. मोबाइलचा नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट करावा व तो सर्वांना, शिक्षकांनाही, सारखा असावा.

(उ) प्रत्येकाला जमेल असे काहीतरी तासात असावे. ज्याला कधीच उत्तर येत नाही, तो लक्ष वेधण्याचा दुसरा मार्ग शोधतो.

६) गोंधळ झाल्यावर

येथे पायरीपायरीने जावे. पहिली पायरी नजर. दुसरी, शिकवणे न थांबवता त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहणे. तिसरी, हळू आवाजात दोनच शब्द : "वही उघड." चौथी, तास संपल्यावर एकांतात दोन मिनिटे बोलणे. तेव्हा 'तू असा आहेस' असे न म्हणता 'तू असे केलेस, त्यामुळे असे झाले. आता काय करूया?' असे म्हणावे. त्यानेच केलेले नुकसान त्यानेच भरून द्यावे : बाक रंगवला तर पुसावा, तास बुडवला तर मागाहून काम पुरे करावे. पाचवी पायरी पालकांची. पालकांना केवळ तक्रारीसाठी बोलावू नये. मुलाची एक तरी चांगली बाब आधी सांगावी. इजा पोचवणाऱ्या वर्तनात मात्र पायऱ्या मोजत बसू नये. ते ताबडतोब थांबवावे, त्रास झालेल्या मुलाला आधी धीर द्यावा व मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवावे.

आणखी एक गोष्ट. मॅडसन, बेकर व थॉमस यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक वर्गांतील प्रयोगात नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नाही. किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करून चांगल्या वागण्याची नेमकी दखल घेतली, तेव्हा फरक पडला. मोठ्या मुलांना सर्वांदेखत केलेली स्तुती कधी कधी अवघड वाटते. तेव्हा वहीवर एक ओळ लिहावी, तीही तेवढेच काम करते.

७) शिक्षकाचे आचरण

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते व छात्रालयही सांभाळत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते रागावत नसत. स्वतः केर काढीत, पसरलेले सामान आवरून ठेवीत. मुले ओशाळली आणि पुढे आपली खोली आपणच नीट ठेवू लागली. साठ मुलांच्या वर्गावर दिवसाला सहा-सात तास घेणाऱ्या शिक्षकाने रोज इतके करावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण वेळेवर वर्गात येणे, ओरडून न बोलणे आणि स्वतःची चूक झाली तर वर्गापुढे ती मान्य करणे, एवढे प्रत्येकाला शक्य आहे.

८) विद्यार्थी मित्रांनो,

तुमच्याकडेही या प्रश्नाची अर्धी किल्ली आहे. वर्गात विदूषकी करणाऱ्याला बळ मिळते ते तुमच्या हसण्यातून. एखादा मित्र सारखा गोंधळ घालत असेल, तर हसण्याऐवजी त्याच्याजवळ बसा आणि त्याला काय अडते ते विचारा. आणि तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल, भागाकार जमत नसेल, तर तसे एकट्याने सरांना किंवा बाईंना सांगा. न येणे हा गुन्हा नाही.

शेवटी एक सूचना. आपल्या भागातील अभ्यासिकांत व शाळांत वर्ष सुरू होताच पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाचे वाचन एकांतात, इतरांच्या कानावर न जाता, ऐकून घ्यावे. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात; चाळीस मुलांना साडेतीन तासही लागत नाहीत. मी आता तसे करतो. गेल्या वर्षी अशी तीन मुले सापडली. त्यांना इतरांच्या आधी अर्धा तास बोलावून चौथीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. तिघेही येतात. त्यांतला एक अजूनही बाक वाजवतो. पण वाचनाची पाळी आली की थांबतो आणि अडखळत का होईना, वाचतो. पंक्चर काढणाऱ्या त्या मुलालाही निरोप धाडला आहे. तो अद्याप आलेला नाही. ज्यांच्या हाती वर्ग आहे त्यांनी 'बाहेर हो' म्हणण्यापूर्वी एकदा तरी त्या मुलाचे वाचन ऐकावे, एवढीच विनंती.