जिन निवडताना हिशेब पेल्याचा करा

जिन घ्यायला वाईन शॉपमध्ये जाण्याआधी कोणतं कॉकटेल करायचं ते ठरवा, मग बाटली पाहा. बहुतेकांचं उलट होतं. निळी काच किंवा देखणं लेबल पाहून महागडी बाटली घरी येते, आणि तिची नाजूक चव लिंबू-साखरेत किंवा टॉनिकमध्ये बुडून जाते.

खर्चही बाटलीवर मोजू नका, पेल्यावर मोजा. ७५० मिलीच्या बाटलीत ५० मिलीचे १५ पेले होतात. समजा बाटली १,५०० रुपयांची आहे, तर एका पेल्यातली जिन १०० रुपयांची. ३,००० ची असेल तर २०० रुपयांची. जिन-टॉनिकमध्ये एक भाग जिनला साधारण तीन भाग टॉनिक लागतं. छोटा कॅन ७० रुपयांचा धरला, तर पहिला पेला १७० ला पडतो आणि दुसरा २७० ला. पण दोन्ही पेल्यांत पाऊण भाग टॉनिकच आहे! म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जिन मध्यम घ्या आणि वाचलेल्या पैशांतून टॉनिक चांगलं घ्या. तेही छोट्या कॅनमध्ये किंवा बाटलीत. मोठी बाटली दुसऱ्या दिवशी गॅस गेल्यावर गोड पाणी होते. आणि टॉनिकऐवजी सोडा चालणार नाही, क्विनाइनचा कडवटपणा त्यात नसतो.

निग्रोनी करायची असेल तर जिन, कँपारी आणि गोड व्हर्मुथ समप्रमाणात, प्रत्येकी ३० मिली. कँपारी इतकी कडू आणि ठसठशीत असते की तिच्यापुढे टिकायला ज्युनिपरचा जोरकस वास असलेली ‘लंडन ड्राय’ प्रकारची जिन हवी. टँकरे इथे शोभते. तिच्यात ज्युनिपर, धणे, अँजेलिका आणि ज्येष्ठमध एवढे चारच मसाले आहेत. बीफीटरही चालते, तिच्यातली संत्र्याची आणि लिंबाची साल निग्रोनीशी छान जुळते. हेन्ड्रिक्समधली काकडी आणि गुलाब मात्र या पेल्यात कुठे गेले ते कळत नाही. शिवाय निग्रोनीत जिनपेक्षा उरलेल्या दोन बाटल्यांचाच खर्च जड होतो, तो आधी धरा. व्हर्मुथ ही मुळात वाईन आहे. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी लागते. ती कपाटात वर्षभर पडून राहणार असेल, तर निग्रोनी बारमध्येच पिणं स्वस्त.

जास्त पैसे घालायची जागा एकच, मार्टिनी. तिथे पेल्यात जवळजवळ सगळी जिनच असते, लपायला काही नाही.

लेबलवर ‘लंडन ड्राय’ दिसलं म्हणजे ती लंडनची असं नव्हे. ऊर्ध्वपातनानंतर तिच्यात स्वाद किंवा रंग घातलेला नाही आणि साखर नाममात्र आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘ओल्ड टॉम’ किंचित गोड असते. ‘स्लो जिन’ हे फळाचं गोड लिकर, ते कॉकटेलच्या मूळ जिनची जागा घेत नाही. अल्कोहोलचा टक्काही वाचा. बर्फ वितळल्यावर ३७.५ टक्क्यांची जिन लवकर पांचट होते, ४२ च्या पुढची तग धरते.

गोव्यात बनणाऱ्या जिनचा विचार मनापासून करा. २०१७ साली आलेली ‘ग्रेटर दॅन’ सरळ लंडन ड्राय आहे आणि रोजच्या कॉकटेलला पुरेशी आहे. त्याच कंपनीच्या ‘हपुसा’मध्ये हिमालयातलं ज्युनिपर, हळद आणि कैरी आहे, तिला मार्टिनीत किंवा नुसत्या बर्फावर चाखा. ‘स्ट्रेंजर अँड सन्स’मध्ये लिंबूवर्गीय सालींसोबत काळी मिरी आणि जायफळ येतं, त्यामुळे जिन-टॉनिक खुलतं.

या बाटल्या गोव्यात महाराष्ट्रापेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात, कारण दोन्हीकडचे कर वेगळे. पण विनापरवाना गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. सीमेवर गाडी तपासली जाते, आणि वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट मनस्ताप होतो. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून मात्र रीतसर मागवता येते. प्रवाशामागे २ लिटरपर्यंत दारू शुल्कमुक्त आणता येते. तिथली बाटली अनेकदा १ लिटरची असते, तेव्हा भाव १०० मिलीवर आणून तुलना करा. महाराष्ट्रात जिन घेण्यासाठी वय २५ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवानाही लागतो.

शेवटची निवड जिभेवर सोडा. दोन ब्रँडची क्वार्टर मिळत असेल तर ती घ्या. १८० मिलीत पुरेशी परीक्षा होते. एकसारख्या दोन पेल्यांत थोडी थोडी जिन आणि तितकंच साधं पाणी घाला, बर्फ नको. कोणता पेला कोणाचा हे दुसऱ्याला ठरवू द्या. आधी वास घ्या, मग घोट. मग त्याच दोन जिनचं तुमचं नेहमीचं कॉकटेल करून पुन्हा चाखा. पाण्यात जाणवलेला फरक कॉकटेलमध्ये उरला नसेल, तर स्वस्त बाटली घ्या.