आधी धार, मग खुर्ची

प्रश्न : स्वतःच्या हाताने खुर्ची बनवायची म्हणून सुतारकामाच्या कोर्सला नाव घातलंय. पहिले काही तास नुसती पटाशी घासण्यात गेले. मशीनच्या जमान्यात हे कशासाठी?

उत्तर : पाइनच्या फळीचा आडवा काप बोथट पटाशीने तासून पाहा. तंतू कापले न जाता चिरडतात, पृष्ठभाग भुसभुशीत दिसतो आणि जोर वाढवावा लागतो. हात घसरतो तो त्या जादा जोरामुळेच. म्हणून बोथट हत्यार जास्त धोक्याचं. नवी पटाशी धारदारच असते, असं म्हणाल, तर कारखान्यात साधारण 25 अंशांचा उतार मिळतो, पण वापरण्याजोगी धार दगडावर सुमारे 30 अंशांत घासूनच येते. पाठ सपाट नसेल तर तीही टिकत नाही. मागच्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागेपर्यंत घासायचं, मग पाठ दगडावर सपाट ठेवून ती काढायची. (घाई इथेच नडते.) मशीन काम झपाट्याने उरकतं, हे खरं, पण त्याचं पातंही बोथट होतं आणि लाकडाच्या तंतूंच्या रेषेच्या उलट गेलं की तेही लाकूड उचकटतं. रेषेचा कल हाताला कळतो तो रंधा मारतानाच. खुर्ची महिनाभर उशिरा झाली तरी चालेल. कोर्स सोडू नका.