समग्र वाङ्मय : समाजाचे स्मृतिदप्तर

नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह सर्वश्रुत आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून व जयंतीच्या भाषणांतून त्याचा उल्लेख नेहमी होतो. परंतु या लढ्यामागील विचार नेमका कोणता होता, असे कोणी विचारले तर बहुतेकांचे उत्तर एवढेच असते की, अस्पृश्यांना देवदर्शनाचा अधिकार हवा होता. हे उत्तर अपुरे आहे, हे आपणांस एका पत्रामुळे कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३ मार्च १९३४ रोजी भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांना एक पत्र लिहिले. गायकवाड हे दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे व नाशिक सत्याग्रहाचे प्रमुख कार्यकर्ते होत. सत्याग्रह पुन्हा सुरू करावा काय, हा प्रश्न त्या वेळी पुढे होता. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून, किंवा मंदिरप्रवेशाने ते समान होतील असे वाटले म्हणून हा लढा सुरू केला नव्हता, असे बाबासाहेबांनी या पत्रात स्पष्ट केले आहे. दलित वर्गात चेतना निर्माण व्हावी व आपल्या स्थितीची जाणीव त्याला व्हावी, हा हेतू होता. तो साधला असल्यामुळे आता सर्व शक्ती शिक्षण व राजकारण यांकडे वळवावी, असा त्यांचा सल्ला होता. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या घोषणेकडे जाणारी वाट या पत्रात आधीच दिसू लागते.

हे पत्र जपले गेले नसते, किंवा जपले जाऊनही छापले गेले नसते, तर नाशिकच्या इतिहासातील एका मोठ्या घटनेचा अर्थ आपण आजही अर्धाच सांगत राहिलो असतो. समग्र वाङ्मयाचे महत्त्व काय, याचे याहून समर्पक उदाहरण शोधावयास नको.

संग्रहाचे तीन प्रकार

ग्रंथालयाच्या कपाटात जाडजूड खंड दिसले की ते सर्व एकाच जातीचे आहेत असा समज होतो. वस्तुतः त्यांत तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार समग्र वाङ्मयाचा. त्यात एका लेखकाचे ग्रंथ, लेख, भाषणे, पत्रे व अपूर्ण टिपणे हे सर्व उपलब्ध लेखन येते. दुसरा प्रकार निवडक वाङ्मयाचा. यात संपादक आपल्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढे घेतो. तिसरा प्रकार प्रातिनिधिक संकलनाचा. यात एका विषयावरील किंवा कालखंडातील अनेक लेखकांचे लेखन एकत्र येते.

हा भेद ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. निवडक संग्रह व संकलन यांत काय घ्यावे याबरोबरच काय वगळावे हेही कोणीतरी ठरविलेले असते. अशी पुस्तके वाचनाच्या आरंभी फार उपयोगी पडतात, परंतु वादाचा निर्णय त्यांवरून करू नये. निर्णयासाठी मूळ व संपूर्ण लेखनाकडे जावे लागते.

महाराष्ट्रातील परंपरा

या कामाशी शासनाचा संबंध जुना आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचा ‘नवनीत’ हा मराठी कवितांचा संग्रह १८५४ मध्ये निघाला व अनेक पिढ्यांना जुन्या काव्याची ओळख त्यातून झाली. त्यानंतर मुंबई सरकारच्या आश्रयाने तुकोबांच्या अभंगांची गाथा १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. विष्णुशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी त्यासाठी देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखिते मिळवून पाठ ताडून पाहिले होते.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, म्हणजे १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळाने १९६९ मध्ये धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ प्रसिद्ध केले. शासनाच्या शिक्षण विभागाने डॉ. आंबेडकर यांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड काढण्यास १९७९ मध्ये आरंभ केला. त्याचे संपादक वसंत मून हे महसूल खात्यातून आलेले अधिकारी होते, ही गोष्ट शासकीय सेवेतील वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

संपादकाचे कष्ट

समग्र वाङ्मय म्हणजे जुनी पुस्तके एकत्र बांधून छापणे, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात संपादकाला प्रथम लेखन शोधावे लागते. पुष्कळसे लेखन लेखकाच्या हयातीत ग्रंथरूपाने आलेलेच नसते. जोतीरावांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांच्या हयातीत संपूर्णपणे छापला गेला नाही. त्यांचे ‘तृतीय रत्न’ हे १८५५ चे नाटक तर १९७९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. म्हणजे १९६९ च्या ‘समग्र’ आवृत्तीनंतर दहा वर्षांनी ते वाचकांपुढे आले. ‘समग्र’ या शब्दाचा अर्थ ‘आजवर हाती आलेले सर्व’ एवढाच घ्यावयाचा असतो, हे यावरून ध्यानात येईल.

शोधानंतर पाठनिश्चितीचे काम येते. हस्तलिखित व छापील प्रत यांत फरक असेल तर कोणता पाठ घ्यावा, हे ठरवून त्याचे कारण टीपेत द्यावे लागते. भाषणांच्या बाबतीत अडचण अधिक असते. वक्त्याने लिहून आणलेले नसलेले भाषण आपल्यापर्यंत येते ते मुख्यतः तत्कालीन वृत्तपत्रांच्या वृत्तांतांतून, आणि दोन वृत्तपत्रांचे वृत्तांत पुष्कळदा सारखे नसतात. म्हणून मजकूर कोठून घेतला याचा निर्देश चांगला संपादक अवश्य करतो. त्यानंतर कालनिश्चिती, संदर्भटीपा व शेवटी सूची ही कामे येतात. सूची नसलेला सातशे पानांचा खंड म्हणजे अनुक्रमांक नसलेल्या फायलींचे कपाट होय.

हे खंड कसे वाचावेत

इतके मोठे ग्रंथ पाहून सामान्य वाचक बिचकतो. परंतु असे खंड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचावेत अशी अपेक्षा नसते. आपल्या कामाशी निगडित असा प्रश्न मनात धरून त्यांच्याकडे जावे.

महसूल व कृषी खात्यांतील अधिकाऱ्यांनी आंबेडकर वाङ्मयाच्या पहिल्या खंडातील लहान धारणक्षेत्रांवरील निबंध वाचावा. १९१८ मध्ये लिहिलेल्या या निबंधात जमिनीच्या तुकड्यांचे केवळ एकत्रीकरण करून प्रश्न सुटणार नाही, शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त लोकसंख्येला उद्योगांत काम मिळाले पाहिजे, असे प्रतिपादन आहे. वाटणीमुळे लहान होत जाणाऱ्या सात-बारांची नोंद घेणाऱ्यास हा निबंध जुना वाटणार नाही. मुंबई विधिमंडळातील महार वतन व खोती यांसंबंधीची त्यांची भाषणेही गावगाड्याच्या अभ्यासास उपयुक्त आहेत. पंचायत सदस्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सामुदायिक वाचनासाठी घ्यावा. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे सांगून जोतीराव थांबत नाहीत. बांधबंदिस्ती, पाणी, जनावरे व शिक्षण यांविषयीच्या उपायांचीही चर्चा ते करतात.

शिक्षकांसाठी एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो. एखाद्या थोर व्यक्तीच्या नावावर भिंतीवर लिहिलेले किंवा भ्रमणध्वनीवर फिरणारे एक वाक्य घ्यावे. ते समग्र वाङ्मयात कोठे आहे, हे सूचीच्या साह्याने विद्यार्थ्यांना शोधावयास सांगावे. सापडल्यास त्याच्या मागचा-पुढचा परिच्छेद वाचावा, तारीख पाहावी. कित्येकदा ते वाक्य सापडणारच नाही, आणि हाही एक मोलाचा धडा ठरेल. ऐकीव व लिखित यांत फरक करण्याची सवय याच वयात लागते.

जे संग्रहात आले नाहीत

समग्र वाङ्मय ज्यांनी लिहिले त्यांचेच होऊ शकते. ज्यांना अक्षरओळख होऊ दिली गेली नाही, त्यांचे काय? स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष जाणवतो. ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ हे मा. गो. माळी यांनी संपादिलेले पुस्तक १९८८ मध्ये, सावित्रीबाईंच्या निधनानंतर सुमारे ९० वर्षांनी निघाले. काळाराम सत्याग्रहात स्त्रियाही मोठ्या हिमतीने उतरल्या होत्या, परंतु त्यांपैकी बहुतेकींच्या हातचा कागद आपल्याजवळ नाही. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या आठवणी नोंदविल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. लिखित साधन नसेल तेथे मौखिक साधन कसे गोळा करावे, याचा हा वस्तुपाठ आहे. मात्र असे काम माणसे हयात असतानाच करता येते.

गावाने काय करावे

ग्रंथ छापून झाले म्हणजे कार्य संपले असे होत नाही. डॉ. आंबेडकर यांच्या खंडांची छपाई रखडल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. मागणी असूनही ग्रंथ वाचकाच्या हाती पडत नसेल, तर संपादकाचे कष्ट व शासनाचा खर्च दोन्ही व्यर्थ जातात. उपलब्ध प्रतींच्या बाबतीत गावपातळीवरही अशीच दक्षता हवी. काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेला खंड गावाच्या उपयोगाचा नाही.

नाशिक शहरातील सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला व त्यामुळे गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान यांचा आधार मिळाला. ज्या गावात असे ग्रंथालय आहे तेथे फुले व आंबेडकर यांचे खंड आहेत काय, आणि असल्यास गेल्या वर्षात किती वाचकांनी ते नेले, ही चौकशी पंचायत सदस्यांना सहज करता येईल. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने संकेतस्थळावरही विनामूल्य मिळतात. शाळेतील संगणकावर ती उतरवून घेण्यास फारसा खर्च नाही.

दुसरे काम याहून निकडीचे आहे. प्रत्येक गावात एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या घरी पत्रांची पेटी, सभांची हस्तपत्रके किंवा बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक असतात. घर पाडताना किंवा वाटणी होताना हे कागद रद्दीत जातात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साह्याने त्यांची यादी करावी. मूळ कागद मालकाकडेच राहू देऊन, त्याच्या संमतीने, त्याची छायाप्रत किंवा छायाचित्र घ्यावे. कागद कोणाचा, कोणत्या तारखेचा व कोणाकडून मिळाला, या तीन गोष्टी मागील बाजूस न लिहिता स्वतंत्र वहीत नोंदवाव्यात. ज्येष्ठ स्त्री-पुरुषांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित कराव्यात.

दादासाहेब गायकवाडांना पत्र आले तेव्हा ते इतिहासाचे साधन ठरेल असे कोणी सांगितले नव्हते. ती चालू कामकाजाची चिठ्ठी होती. तिच्यावाचून आज नाशिकच्या सत्याग्रहाचा अर्थ लावता येत नाही. अशा आणखी किती चिठ्ठ्या आपल्या तालुक्यातील पेट्यांमध्ये पडून आहेत, याचा शोध येत्या पावसाळ्यापूर्वी घेतला पाहिजे. ओल व वाळवी वाट पाहत नाहीत.