नेवाडो देल रुईझ : बर्फाखालची आग

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लालभडक लाव्हा. पण मित्रांनो, कोलंबियातल्या नेवाडो देल रुईझने १९८५ साली सुमारे २३,००० बळी घेतले ते लाव्ह्याने नव्हे, चिखलाने! सिव्हिलचा विद्यार्थी म्हणून मला ही घटना कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या धड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

अँडीज पर्वतरांगेतला हा ज्वालामुखी सुमारे ५,३०० मीटर उंच आहे. विषुववृत्ताच्या जवळ असूनही त्याच्या माथ्यावर बारमाही बर्फ असतो. उद्रेकात तापलेली राख, दगड आणि वायू या बर्फावरून वेगाने खाली येतात आणि बर्फ वितळतो. हे पाणी उतारावरची माती, दगडगोटे, झाडं उचलत नदीच्या पात्रात शिरतं. अशा लोंढ्याला 'लहार' म्हणतात. हा शब्द जावा बेटावरचा. लहार म्हणजे जणू धावणारं ओलं काँक्रीट. वाटेत भर पडत गेल्याने १९८५चे काही लोंढे मूळच्या चौपट झाले होते.

आता इतिहास बघा. १५९५ : लहारमध्ये ६३६ मृत्यू. १८४५ : लागुनिया नदीच्या खोऱ्यात चिखलाचा लोंढा, सुमारे १,००० मृत्यू. त्याच गाळाच्या सुपीक जमिनीवर पुढे आर्मेरो हे शहर वसलं.

नोव्हेंबर १९८४ पासून डोंगर पुन्हा कुरबुरू लागला. ७ ऑक्टोबर १९८५ रोजी शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा सादर केला. त्यात आर्मेरो लहारच्या वाटेवर दाखवलेलं होतं. पण काहींनी ही उगाच घबराट आहे असं म्हणून तो बाजूला सारला.

१३ नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला. तसा तो लहानच. १९८०च्या माउंट सेंट हेलेन्सच्या तुलनेत बाहेर पडलेला मॅग्मा जेमतेम ३ टक्के, आणि वितळलं ते माथ्यावरचं सुमारे १० टक्के बर्फ. वादळी पावसामुळे खालून काही दिसत नव्हतं. साडेअकराच्या सुमारास पहिला लोंढा आर्मेरोत शिरला.

मी साधा हिशेब मांडला. नदीच्या वाटेने अंतर सुमारे ७४ किलोमीटर, लागलेला वेळ अडीच तास, म्हणजे सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर. लोंढ्यापुढे पळून कोणी वाचणार नाही. पण वेळेत कळलं असतं तर अडीच तासांत पायी चालतही उंचावर जाता आलं असतं. नकाशा होता, धोका माहीत होता. पण शहर रिकामं करायचा आदेश नेमका कोणी, कधी आणि कसा द्यायचा याची चोख यंत्रणाच नव्हती.

या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये अमेरिकेने इतर देशांना ज्वालामुखीच्या संकटात मदत करणारं खास पथक सुरू केलं. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबोचा प्रचंड उद्रेक झाला, तेव्हा स्थानिक शास्त्रज्ञ आणि या पथकाने वेळेवर इशारा दिला. हजारो लोक आधीच हलवले गेले आणि वाचले.

रुईझ आजही जागा आहे. २०१२ मध्ये त्याने राख ओकली, २०२३ मध्ये कित्येक आठवडे नारिंगी इशारा लागू होता. उद्या आपल्यापैकी कोणी धरणाचा, दरडीचा, पुराचा अहवाल लिहील. तो साहेबांच्या टेबलावर पोचला की काम संपलं असं समजू नका. नदीकाठच्या शेवटच्या घरापर्यंत तो कसा पोचणार, हेही आपल्याच डिझाइनमध्ये यायला हवं.