दवाखान्याची वारी

या पाठात आपण एरवी एखाद्या संतवचनाचा विचार करतो. या वेळी वचन न घेता एक प्रश्न घेतला आहे. तो पोथीतून निघालेला नाही. नागपुरातील एका भजनी मंडळाच्या टाळकऱ्याने तो आम्हांस विचारला. वय पन्नाशीच्या आतले, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकली नाही. त्याच्या जिभेच्या कडेस एक जखम झाली. दोन महिने गेले तरी ती भरेना. शेवटी तुकडा काढून तपासला, तेव्हा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी आधी शस्त्रक्रिया व मग किरणोपचार सांगितले. तो येऊन म्हणाला, “बुवा, ऑपरेशनच्या आधी माळ काढा म्हनतात. एकादशीले खा म्हनतात. जिभेचा भाग गेला तर नाम कसं घेऊ? त्यापेक्षा पंढरीले जातो अन् देवाच्या पायावर पडतो. जे व्हायचं ते होऊ द्या.”

या बोलण्यात भक्ती आहे आणि भीतीही आहे. दोन्ही अशा मिसळल्या आहेत की पुष्कळदा भीतीच भक्तीचे सोंग घेऊन बोलते. त्या दोहोंना वेगळे करणे हाच या पाठाचा विषय होय.

पहिली शंका : माळ, एकादशी आणि नाम

पंढरीचा देव विटेवर का उभा आहे, हे आपल्या मुलालेकरांसही ठाऊक आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. देव दारी आला तरी त्याने सेवा सोडली नाही, वीट पुढे केली आणि थांबण्यास सांगितले. देव रागावला नाही, थांबला. मग जो देव सेवा पुरी होईपर्यंत थांबतो, तो उपचार पुरा होईपर्यंत थांबणार नाही काय? देह हाही देवाचाच. त्याची निगा हीही सेवाच.

मानेवर शस्त्रक्रिया करावयाची किंवा किरण द्यावयाचे, तर गळ्यात माळ ठेवता येत नाही. किरणोपचाराच्या वेळी डोके हलू नये म्हणून तोंडावर व मानेवर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात. अशा वेळी माळ काढून घरच्या देवापुढे ठेवावी आणि उपचार संपल्यावर पुन्हा घालावी. माळ सोडणे वेगळे आणि माळ देवाजवळ ठेव म्हणून ठेवणे वेगळे.

एकादशीचेही तसेच. किरणोपचार चालू असता तोंड सोलवटते, घास गिळवत नाही, वजन उतरू लागते. वजन फार उतरले तर उपचार झेपत नाही. या काळात दूध, पातळ खिचडी, डाळीचे पाणी, नाकातल्या नळीने द्यावे लागणारे अन्न हे सारे औषध आहे. त्याने व्रतभंग होत नाही. मन मानत नसेल तर घरातील दुसऱ्या कोणी त्याच्या नावाने एकादशी करावी.

राहिले नाम. नाम जिभेचे आहे की अंतःकरणाचे? जन्मतः मुका असलेला मनुष्य देवास पारखा झाला, असे कोणत्या संताने म्हटले आहे? नवविधा भक्तीत श्रवण पहिले आले आहे. जीभ थांबली तर कानांनी नाम घ्यावे, मनात स्मरावे. बोलणारी जीभ थकली तरी ऐकणारे मन थकत नाही.

दुसरी शंका : देवाने शिक्षा केली काय?

घरोघरी कुजबुज अशी असते की पाप केले म्हणून हा रोग झाला. कोणी रोग्याचे ताट-पेला वेगळा काढतात. कर्करोग स्पर्शाने लागत नाही. रोग्याच्या ताटात जेवल्यानेही लागत नाही. वेगळे पडते ते त्याचे मन.

आणि पापाचा हिशेब मांडणाऱ्यांनी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे स्मरण करावे. खंजिरीच्या तालावर ज्यांनी गावेच्या गावे जागी केली, ग्रामगीता लिहिली, त्या महाराजांनाही कर्करोगच झाला. उपचारांचे प्रयत्न झाले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात त्यांनी देह ठेवला. रामकृष्ण परमहंसही १८८६ साली गळ्याच्या कर्करोगानेच गेले. रोग संत पाहत नाही, असंत पाहत नाही. आज नागपुरात मानेवाडा मार्गावर जे विभागीय कर्करोग रुग्णालय आहे, ते तुकडोजी महाराजांच्याच नावाने ओळखले जाते. विदर्भातला रोगी त्या दारातून आत जातो तेव्हा एका संताचे नाव त्याच्या डोक्यावर असते. श्रद्धा आणि दवाखाना यांचे वैर नाही, हे यापरते कोणत्या शब्दांत सांगावे?

मात्र रोग शिक्षा नसला तरी त्यास कारण असते, आणि ते झाकून ठेवणे बरे नव्हे. आपल्याकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून खर्रा करतात. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. तंबाखू कर्करोग करते हे सर्वांना ठाऊक आहे. एकटी सुपारीदेखील करते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तिने गालाची आतली कातडी ताठ होते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. भारतातील पुरुषांच्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे, तो उगीच नव्हे.

आता थोडे आपल्याच घरातले. रात्रीच्या जागरात झोप येऊ नये म्हणून खर्ऱ्याची पुडी टाळकऱ्यांत फिरते की नाही? मांस-मद्य वर्ज्य केलेला माळकरी गालात तंबाखू धरून हरिपाठास उभा राहतो की नाही? आम्हीही अशा जागरांत बसलो आणि कधी बोललो नाही. तो टाळकरी वीस वर्षे आमच्या डोळ्यांदेखत खर्रा खात होता. त्याच्या रोगात आमच्या मौनाचाही वाटा आहे, हे लिहिताना हात जड होतो.

उपचाराची वाट

या वाटेची माहिती असली की निम्मी भीती जाते. जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, दात विनाकारण हलू लागले, मानेत गाठ आली, तर दाखवावे. तुकडा काढल्याने रोग पसरतो हा समज खोटा आहे. तुकडा काढल्याशिवाय रोग ओळखताच येत नाही. रोग लवकर सापडला तर बरे होण्याची आशा पुष्कळ अधिक असते.

तोंडाच्या कर्करोगात बहुधा आधी शस्त्रक्रिया करतात. जिथला भाग काढावा लागतो तिथे छातीचे, हाताचे किंवा पायाचे मांस, आणि जबडा काढला तर पायाचे हाडही, बसवता येते. पुढे गरज असल्यास किरणोपचार देतात. ते आठवड्यातून पाच दिवस, असे साधारण सहा आठवडे चालतात. त्यात खंड पडला तर उपचाराचे बळ घटते. गिळण्याचे, बोलण्याचे, तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावे लागतात. नागपुरात तुकडोजी रुग्णालय आहे, मेडिकल आहे, जामठ्यास राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. पैशाची विवंचना असेल त्याने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दवाखान्यातच करावी. आधी झाडपाला करून पाहू, मग दवाखाना, असे म्हणणाऱ्याचे मोलाचे महिने जातात, आणि ते देवालाही परत देता येत नाहीत.

सोबत

आपण पंढरीस एकटे का जात नाही? वाट तीच, देव तोच. तरी दिंडी लागते. वाटेत कोणाचा पाय सुजतो, कोणास ताप येतो. तेव्हा पूर्वी तीच वाट चाललेला म्हणतो, पुढच्या ओढ्यापाशी विसावा आहे. या शब्दाने पाय उचलतो. रोग्यासही अशीच दिंडी हवी.

आमच्या टाळकऱ्याला आमच्या निरूपणाने फारसे पटले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्याला पटले ते दवाखान्याच्या ओसरीवर. तिथे तपासणीसाठी आलेले एक गृहस्थ भेटले. गालावर शिवणीची खूण, बोलणे थोडे जड. ते म्हणाले, “भाऊ, तिसऱ्या हप्त्यात तोंड सोलून निघते. पानीही झोंबते. तवा पळून जावंसं वाटते. पळू नको. मी पळालो नाही, म्हनून तुह्यासमोर बसलो.” त्यांनी काही होत नाही असे खोटे सांगितले नाही. होते ते सांगितले, आणि त्यातून निघता येते हे स्वतःच्या चेहऱ्याने दाखवले. टाळकऱ्याने त्याच आठवड्यात माळ काढून देवापुढे ठेवली.

पुढे मंडळानेही आपले काम ओळखले. रोज एकजण त्याच्याबरोबर किरणोपचारास जाई. कोणी घरी पातळ अन्न करून देई. संध्याकाळी चारजण त्याच्या खाटेजवळ बसून हरिपाठ म्हणत आणि तो बोटांनी ताल धरी. अशा सोबत्यांनी एक पथ्य पाळावे: आपले औषध सुचवू नये, डॉक्टरांच्या आड येऊ नये आणि रोगी रडला तर त्यास रडू द्यावे.

सगळेच बरे होतात असे नाही. ज्यांचा रोग आवरत नाही त्यांच्या वेदना कमी करण्याचाही उपचार असतो. तो मागण्यात कमीपणा नाही. त्यांच्या उशाशी बसणे ही तर सर्वांत अवघड वारी. ती सोडू नये.

आमचा टाळकरी आज माळ घालून पुन्हा भजनास येतो. शब्द अडखळतात, टाळ अडखळत नाही. वेळोवेळी तपासणीस जातो, आणि त्या दिवशी ओसरीवर नवा कोणी घाबरलेला दिसला की त्याच्याजवळ जाऊन बसतो. खर्रा त्याने सोडला आहे. मंडळातील आणखी सहाजणांनी सोडला आहे. उरलेल्यांस तो काही बोलत नाही, फक्त तोंड उघडून दाखवतो.

तात्पर्य, श्रद्धा उपचाराच्या जागी बसविण्यासाठी नाही, तो शेवटास नेण्यासाठी आहे. आणि शेवटास कोणी एकटा जात नाही. येत्या एकादशीला आपल्या मंडळात कोणाच्या तोंडात जखम आहे, हे एकदा विचारावे, आणि असेल त्याला दुसऱ्या दिवशी हात धरून दवाखान्यात न्यावे. रामकृष्णहरि.