घरची करडई विकून डब्याचे तेल का खावे?

करडई निघाली की पोती मोंढ्यावर जातात आणि परतीच्या गाडीत पामतेलाचा १५ किलोचा डबा येतो, असे मराठवाड्यात आणि सोलापूर भागात अनेक घरी घडते. पैशाच्या दृष्टीने हा व्यवहार सोयीचा वाटतो. परंतु त्यात घरातील माणसांच्या हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा हिशेब धरलेला नसतो. तो कसा मांडावयाचा ते पाहू.

प्रथम दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. कोणतेही तेल 'हलके' नसते. करडईचे असो, पामचे असो वा साजूक तूप असो, १ ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. दुसरे असे की, डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. कोलेस्टेरॉल हा प्राणिजन्य पदार्थांतील घटक आहे. वनस्पतीच्या तेलात तो जवळजवळ नसतोच. तेव्हा त्या अक्षरांसाठी जादा पैसे मोजू नयेत.

तेलातेलांत खरा फरक असतो तो स्निग्धाम्लांचा. संपृक्त स्निग्धाम्ले आहारात जास्त झाली की रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. त्यांच्याऐवजी असंपृक्त स्निग्धाम्ले घेतल्यास ते कमी होते. पामतेलात संपृक्त स्निग्धाम्ले जवळजवळ निम्मी असतात, म्हणूनच थंडीत ते डब्यात थिजते. खोबरेल तेलात तर ती ९० टक्क्यांच्या आसपास आहेत. याउलट करडईच्या तेलात ती अवघी ९ ते १० टक्के, सूर्यफुलात ११ ते १२, सोयाबीन व तिळात १५ टक्क्यांच्या जवळपास आणि भुईमुगात १८ ते २० टक्के असतात. पामतेल म्हणजे विष नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पण घरात करडई पिकत असताना ती विकून ते आणण्यात शहाणपण नाही. वनस्पती तुपाची गोष्ट वेगळी. तेल अर्धवट गोठविताना त्यात तयार होणारी ट्रान्स स्निग्धाम्ले हृदयाला सर्वांत अपायकारक ठरली. जानेवारी २०२२ पासून त्यांचे प्रमाण २ टक्क्यांवर जाऊ नये असा नियम झाला आहे, तरीही ते तूप रोजच्या स्वयंपाकात नसलेलेच बरे.

मग फक्त करडईचेच तेल खावे काय? तसेही नाही. करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते. ते शरीराला आवश्यक आहे, परंतु हेच तेल कडकडीत तापवून वारंवार तळणास वापरले की लवकर बिघडते. शिवाय त्यात ओमेगा-३ गटातील लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नाही. भुईमुगाच्या तेलात ओलिक आम्ल ४५ ते ५० टक्के असल्याने ते तापविण्यास अधिक टिकाऊ असते. म्हणून फोडणीला व भाकरीबरोबर वरून घेण्यास करडई आणि तळणास भुईमूग, अशी जोडी ठेवावी. ओमेगा-३ ची उणीव भरून काढण्यास जवसासारखे दुसरे पीक नाही. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असते. मात्र जवसाचे तेल तापवू नये. आपल्याकडील जवसाची चटणी हाच त्याचा उत्तम उपयोग होय. ती थोडी थोडी करावी, कारण कुटलेले जवस लवकर खवट होते. ज्यांना करडईचेच तेल सर्व कामांना हवे आहे, त्यांच्यासाठी ओलिक आम्ल अधिक असलेले करडईचे वाण आता विकसित झाले आहेत. बियाणे घेताना त्याची चौकशी अवश्य करावी.

आता किती तेल लागते ते पाहू. बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला २५ ग्रॅम व स्त्रीस २० ग्रॅम तेल-तूप पुरते. शेतात कष्टाचे काम करणाऱ्यांस अनुक्रमे ४० व ३० ग्रॅमपर्यंत चालते. लहानथोर मिळून पाच माणसांच्या घरात सरासरी २५ ग्रॅम धरले, तर महिन्याला पावणेचार किलो तेल होते. म्हणजे १५ किलोचा डबा चार महिने गेला पाहिजे. तो दोन महिन्यांत संपत असेल, तर तेल कोणते हा प्रश्न नंतरचा!

या मापाने वर्षाला सुमारे ४५ किलो तेल लागेल. निम्मे करडईचे घ्यावयाचे आणि घाण्यावर उतारा २५ टक्के धरला, तर ९० किलो करडई घरी ठेवावी लागते. उरलेल्या निम्म्यासाठी, ४० टक्के उतारा धरून, ५५ ते ६० किलो शेंगदाणे पुरतात. एवढा माल बाजूला काढून बाकीचा खुशाल विकावा. पेंड घरच्या जनावरांना होते, हा फायदा वेगळाच.

घाण्यावर नेण्यापूर्वी माल निवडणे फार महत्त्वाचे आहे. ओलसर राहिलेल्या शेंगांवर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष तयार होते. त्याचा बराच भाग पेंडीत जातो आणि ती पेंड खाणाऱ्या जनावराच्या दुधातही उतरतो. शुद्धीकरण न केलेल्या घाण्याच्या तेलातही काही अंश राहतो. यासाठी शेंगा काढणीनंतर चांगल्या वाळवाव्यात. दाणे हलविले असता टरफलात खुळखुळ वाजले पाहिजेत. काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे वेचून फेकून द्यावेत. ते 'पेंडीला चालतील' म्हणून घाण्यात टाकू नयेत.

वर्षाचे सगळे तेल एकदम काढू नये. दोन-तीन महिन्यांपुरते गाळप करून घ्यावे, तेल आठवडाभर निवळू द्यावे व वरचे स्वच्छ तेल कोरड्या स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरून अंधाऱ्या जागी ठेवावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ते ठेवू नये. तांब्याच्या संपर्काने तेल लवकर खवट होते. तळणाचे उरलेले तेल ताज्या तेलाच्या डब्यात परत ओतू नये. ते गाळून एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीस संपवावे. काळपट झालेले, फेसाळणारे किंवा उग्र वासाचे तेल मात्र स्वयंपाकात वापरू नये.